प्रवासातला ‘वास’

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘निवास, वनवास, सहवास या सगळ्यांत वास म्हणजे राहणं. मग प्रवास म्हणजे जाणं कसं? हिंदीत परदेशी स्थायिक झालेल्यांना प्रवासी म्हणतात, ते चुकतात की आपण? आणि बारा महिने फिरत जगणाऱ्या माणसाला प्रवासी म्हणणं फिकं वाटतं, त्याला दुसरा शब्द आहे का?’

चूक कुणाचीच नाही. संस्कृतात ‘वस्’ म्हणजे राहणं आणि ‘प्र’ लागला की घरापासून दूर राहणं. ‘प्रोषित’ हे त्याच धातूचं रूप. नवरा परगावी असलेली ती प्रोषितभर्तृका. तो रस्त्यात आहे की कुठे जाऊन राहिलाय, याला महत्त्व नाही. घरी नाही, एवढंच. मेघदूतातला यक्ष घ्या. वर्षभराच्या शिक्षेपायी तो रामगिरीवर दिवस काढतोय, पुढे जातो तो मेघ. आजच्या मराठीत मेघ प्रवासी ठरेल, जुन्या अर्थाने मात्र यक्ष.

हिंदीने आणि बंगालीने तो दूर राहण्याचा अर्थ सांभाळला. मराठीत शब्द वाटेवर आला. म्हणून एक विनंती: हिंदी बातमीतले ‘प्रवासी मजदूर’ मराठीत ‘प्रवासी मजूर’ करू नका. वाचणाऱ्याला ते गाडीत बसलेले मजूर वाटतात. आपल्याकडे ‘स्थलांतरित’ आहे.

पण मला खरी गंमत पुढे वाटते. निघण्याचे आपले कितीतरी शब्द थांबण्यातून आलेत. ‘प्रस्थान’मध्ये ‘स्था’ म्हणजे उभं राहणं, आणि अर्थ काय, तर निघणं! ‘मार्गस्थ’ही तसाच. गृहस्थ घरात असतो तसा हा मार्गात असतो, आणि ‘मार्गस्थ झाले’ म्हणजे निघाले. ‘मुक्काम’ अरबीतून आला. मुळात उभं राहण्याची जागा. तो टाकतात, ठोकतात, हलवतात, आणि कागदावर ‘मु. पो.’ होऊन पत्त्याच्या पहिल्या ओळीत बसतो.

माझा सगळ्यांत लाडका शब्द ‘मजल’. अरबी मंज़िल म्हणजे उतरण्याची जागा. हिंदीत ती अंतिम ध्येय झाली, सगळी वाट तिच्यासाठी. मराठीत मजल म्हणजे दोन मुक्कामांमधली चाल, साधारण एका दिवसाची. ‘मजल दरमजल करीत’ म्हणताना शेवटचं ठिकाण मनात नसतंच. आजचं चालणं, आजचं टेकणं, उद्या पुन्हा उठणं. इमारतीचा मजलाही त्याच मुळाचा. चालण्याची ओढ या एका शब्दात जितकी आहे तितकी मला ‘सफर’मध्ये सापडत नाही. कृपया ‘मंजिल गाठली’ लिहू नका. ‘मोठी मजल मारली’ लिहा.

आता कायम फिरणाऱ्याचा शब्द. ‘पर्यटक’ नको, तो घरी परतणार हे त्यात गृहीत आहे. ‘फिरती’ला नोकरीचा वास येतो. ‘भटक्या’ चालतो, पण भटक्या-विमुक्त समाजांचा उल्लेख वाटण्याची शक्यता असेल तिथे जपून. मी ‘फिरस्ता’ म्हणेन. उच्चारायला मोकळा, आणि परतीचं काहीच बोलत नाही.

वाक्प्रचार हवा असेल तर ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’. तो कमी सामानापुरता वापरतात. पण मादी विंचू खरोखर आपली नुकती जन्मलेली पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते, पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत. तेव्हा बायकापोरांसह फिरणाऱ्या कुटुंबालाही ही म्हण बिनधास्त लावा.