कोव्हिडच्या साथीत घरातल्या पाच जणांचे अँटिबॉडी रिपोर्ट पाच तऱ्हेचे आले. ही टेस्ट विश्वासाची होती का?

तुमच्या प्रश्नातला तपशील आधी एका जागी ठेवतो. वडिलांची आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, पण तापाच्या पाचव्या दिवशी केलेली अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह. आईने स्पाइक प्रथिनावर आधारलेल्या लशीचे दोन्ही डोस घेतले, महिन्याभराने टेस्ट केली, तीही निगेटिव्ह. तुम्ही 2020 च्या एप्रिलमध्ये, अंगात साधी कणकणही नसताना, बोट टोचून कार्डावर टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह आली. ताईचा आकडा 1,250, भाऊजींचा 180, आणि ‘कोणाची प्रतिकारशक्ती जास्त’ यावरून घरात अजून टोमणे चालू आहेत.

यातले चार रिपोर्ट बहुधा बरोबर आहेत. शंका घ्यायचीच असेल तर तुमच्या स्वतःच्या रिपोर्टवर घ्या.

वडिलांपासून सुरुवात करू. आरटीपीसीआर नाकाघशातला विषाणू शोधते. अँटिबॉडी टेस्ट विषाणू शोधतच नाही. विषाणू पाहिल्यावर शरीराने जी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवली, ती रक्तात आहेत का, एवढंच ती बघते. ही प्रतिपिंडं एका रात्रीत तयार होत नाहीत. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने जून 2020 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आयजीजी आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे दोन्ही प्रकार धरूनसुद्धा, लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात 100 बाधितांपैकी साधारण 30 जणच या टेस्टमध्ये सापडत होते, दुसऱ्या आठवड्यात 72 आणि तिसऱ्या आठवड्यात 91. म्हणजे पाचव्या दिवशी निगेटिव्ह येणं हेच जास्त अपेक्षित होतं. रक्त दिलं तेव्हा वडिलांना कोव्हिड होता, प्रतिपिंडं व्हायची होती. दोन्ही रिपोर्ट खरे.

इथे नावांनीही घोळ घातला. ‘रॅपिड अँटिजेन’ आणि ‘रॅपिड अँटिबॉडी’ ही दोन्ही कार्डं दिसायला सारखी: पांढरं प्लॅस्टिक, मधे खिडकी, 15 मिनिटांत रेघ. बोलताना लोक दोन्हींना ‘रॅपिड’च म्हणायचे. पण नाकात काडी घातली असेल तर ती अँटिजेन टेस्ट, आज संसर्ग आहे का ते सांगणारी. बोट टोचलं असेल तर अँटिबॉडी, मागे कधी संसर्ग झाला होता का ते सांगणारी. बोट टोचून निगेटिव्ह आलेला माणूस ‘मला काही नाही’ म्हणत लग्नाला गेला, तर त्याच्या नाकात विषाणू नव्हता असं म्हणायला त्या कार्डाचा काडीचाही आधार नाही.

आणखी एक समज: आयजीएम आलं म्हणजे संसर्ग ताजा, आयजीजी आलं म्हणजे जुना. पुस्तकातला क्रम तसाच आहे, पण कोव्हिडमध्ये दोन्ही बऱ्याचदा मागेपुढे, जवळजवळ एकदमच दिसू लागतात. त्यात आयजीएमची रेघ इतर कारणांनी खोटी उमटण्याची शक्यता जास्त. नुसत्या ‘एम’च्या रेघेवरून कोणाला खोलीत कोंडणं किंवा मोकळं सोडणं, दोन्ही चूक.

आता आई. या विषाणूची दोन प्रथिनं टेस्टमध्ये वापरली जातात. एक त्याच्या पृष्ठभागावरचं स्पाइक, म्हणजे ‘एस’. दुसरं आत आरएनएला, म्हणजे विषाणूच्या जनुकीय धाग्याला, गुंडाळलेलं न्यूक्लिओकॅप्सिड, म्हणजे ‘एन’. एमआरएनए आणि अ‍ॅडेनोव्हायरस प्रकारच्या लशी शरीराला फक्त स्पाइक दाखवतात. त्यामुळे लशीने तयार झालेली प्रतिपिंडं ‘एस’ची असतात, ‘एन’ची नसतात. आईचं रक्त ‘एन’च्या टेस्टवर तपासलं गेलं असेल तर रिपोर्ट निगेटिव्हच यायला हवा. लस वाया गेली असा त्याचा अर्थ नाही. उलट आईला तोवर संसर्ग झाला नसावा, याकडे तो बोट दाखवतो. निष्क्रिय केलेल्या अख्ख्या विषाणूच्या लशीचं गणित वेगळं: तिच्यात ‘एन’ही असतं, त्यामुळे ‘एन’ची टेस्ट लशीमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते.

ही गफलत किती सहज होते ते नावं पाहिली की कळतं. रोश कंपनीच्या ‘एन’ टेस्टचं नाव ‘एलेक्सिस अँटि-सार्स-कोव्ह-2’, आणि स्पाइकच्या टेस्टचं नाव तेच, शेवटी फक्त एक ‘एस’ अक्षर जास्त. अ‍ॅबटची ‘सार्स-कोव्ह-2 आयजीजी’ ही ‘एन’ची, तर ‘आयजीजी टू क्वांट’ ही स्पाइकची. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात ‘कोव्हिड अँटिबॉडी’ असतं. खरी माहिती खाली बारीक टायपात, ‘पद्धत’ किंवा ‘मेथड’च्या ओळीत. तिथे ‘स्पाइक’, ‘आरबीडी’ (स्पाइकचाच एक भाग), ‘न्यूक्लिओकॅप्सिड’ यांपैकी कोणता शब्द आहे ते बघा. काहीच नसेल तर रोशच्या बाबतीत एककावरून ओळखता येतं: ‘सीओआय’ आणि मर्यादा (जिच्यापासून रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात) 1.0 असेल तर ‘एन’, ‘यू प्रति मिली’ आणि मर्यादा 0.8 असेल तर ‘एस’. आईच्या रिपोर्टवर स्पाइक लिहिलेलं असूनही निगेटिव्ह असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. अवयव-प्रत्यारोपणानंतरची औषधं, रिटुक्सिमॅब हे औषध, रक्ताचा कर्करोग अशा कारणांनी प्रतिपिंडं खरोखर कमी तयार होतात, आणि तसं काही असेल तर तो रिपोर्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

तुमच्या रिपोर्टला जास्त वेळ द्यावा लागेल, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

समजा टेस्ट चांगली आहे: बाधितांपैकी 95 टक्क्यांना बरोबर पकडते आणि अबाधितांपैकी 98 टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह दाखवते. कोणीही म्हणेल, मग पॉझिटिव्ह आलेला माणूस जवळजवळ नक्की पॉझिटिव्ह. आता 10,000 लोक घ्या, ज्यांच्यात साथ नुकती शिरली आहे आणि 2 टक्केच लोकांना संसर्ग होऊन गेला आहे. बाधित 200, त्यातले 190 पॉझिटिव्ह. अबाधित 9,800, त्यांचे 2 टक्के म्हणजे 196 जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण 386 पॉझिटिव्ह, त्यातले निम्म्याहून जास्त खोटे! तीच टेस्ट, तेच कार्ड, 30 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्यावर वापरा: खरे 2,850, खोटे 140. आता पॉझिटिव्ह आलेल्या 100 जणांतले 95 खरे. टेस्ट बदलली नाही, आजूबाजूची साथ बदलली. तुम्ही टेस्ट केली ती साथीच्या अगदी सुरुवातीला, लक्षणं नसताना, आजारी माणसाच्या संपर्कात आल्याचंही काही नसताना. म्हणजे तुम्ही पहिल्या हिशोबातले.

हा हिशोब फक्त सामान्य लोकांचा चुकला असं नाही. एप्रिल 2020 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीत 3,330 जणांची अशीच कार्ड टेस्ट झाली. 50 पॉझिटिव्ह आले, म्हणजे 1.5 टक्के. त्यावरून, नोंद झालेल्या रुग्णांच्या कित्येक पट लोकांना संसर्ग होऊन गेला आहे, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर गाजला. पण टेस्ट खोटी पॉझिटिव्ह किती येते, हे पहिल्या मसुद्यात फक्त 401 नमुन्यांवर ठरवलेलं होतं; त्यातले 2 चुकले होते. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून खरी चूक अर्धा टक्का आहे की दीड टक्का, हे ठामपणे सांगता येत नाही. आणि ती दीड टक्का असेल तर पन्नासच्या पन्नास पॉझिटिव्ह खोटे असू शकतात. संख्याशास्त्रज्ञ तुटून पडले ते याच मुद्द्यावर. लेखकांनी पुढे जास्त नमुने जोडून आकडे सुधारले, पण बातमी पहिल्याच आकड्याची राहिली.

शिवाय त्या काळात बाजारात आलेली बरीच कार्डं त्या 98 टक्क्यांच्याही जवळपास नव्हती. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्टना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) मार्च 2020 मध्ये कंपन्यांना स्वतःच टेस्ट तपासून, आधी मंजुरी न घेता विकायची मुभा दिली. कचरा इतका आला की 4 मे 2020 ला नियम आवळावे लागले.

कार्ड करताना हाताने होणाऱ्या चुका वेगळ्याच. नीट पद्धत अशी: बंद पाकीट आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, फोडलं की लगेच वापरायचं, कारण पट्टी हवेतला ओलावा ओढते. बोटावरचं स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा. किटसोबतच्या नळीने सांगितलं असेल तेवढंच, सहसा 10 ते 20 मायक्रोलिटर, रक्त छोट्या खड्ड्यात सोडायचं, मग त्याच किटच्या बाटलीतले 2 किंवा 3 थेंब बफर. बोट पिळून पिळून काढलं तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं. रक्त जास्त पडलं तर पट्टी तुंबते, खिडकीचा सगळा भाग लालसर होतो आणि मग त्यात कोणालाही रेघ ‘दिसते’. बफरच्या जागी पाणी किंवा दुसऱ्या किटचं द्रावण घातलं तर निकालाला अर्थ नाही.

वाचायचं ते माहितीपत्रकात दिलेल्या वेळेत, बहुतेक किटमध्ये 10 ते 15 मिनिटांनी. ‘सी’ची, म्हणजे कार्ड नीट चाललं हे सांगणारी, रेघ नसेल तर टेस्ट बाद, मग ‘जी’ आणि ‘एम’कडे बघायचंही नाही. ‘सी’ आहे आणि वेळेत ‘जी’ची फिकट का होईना रंगीत रेघ आली, तर ती पॉझिटिव्हच धरायची. पण कार्ड टेबलावर ठेवून तासाभराने परत बघितलं तर पट्टी वाळताना करडी, बिनरंगाची सावली उमटलेली असते. ती रेघ नव्हे. ‘आधी निगेटिव्ह होती, नंतर पॉझिटिव्ह झाली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. तुमची रेघ कोणत्या मिनिटाला पाहिली होती, आठवतं का?

अशा पॉझिटिव्हची शहानिशा करायची पद्धत म्हणजे वेगळ्या बनावटीची, शक्य तर वेगळ्या प्रथिनावरची दुसरी टेस्ट. वरच्या 386 जणांची तेवढ्याच ताकदीची पण वेगळी टेस्ट केली तर 196 खोट्यांपैकी साधारण 4 उरतात आणि 190 खऱ्यांपैकी 180. तेच कार्ड पुन्हा करून उपयोग नाही. ज्या कारणाने ते एकदा फसलं, उदाहरणार्थ साध्या सर्दीच्या दुसऱ्या एखाद्या कोरोना विषाणूची प्रतिपिंडं किंवा रक्तातला रुमेटॉइड फॅक्टर (संधिवातात बऱ्याचदा आढळणारं प्रतिपिंड), त्याच कारणाने पुन्हा फसेल. अर्थात तुमच्या बाबतीत आता वेळ गेली. पुढे लस, संसर्ग यांपैकी काही झालं असेल तर आजचं रक्त 2020 बद्दल काही सांगणार नाही.

ताई आणि भाऊजींचा वाद मात्र आजही मिटवता येतो. एकक बघा. ताईचा रिपोर्ट अ‍ॅबटच्या ‘क्वांट’ टेस्टचा, ‘एयू प्रति मिली’मध्ये असेल, तर त्याला 0.142 ने गुणा: 1,250 चे 177.5 ‘बीएयू प्रति मिली’ होतात. भाऊजींचे 180 जर मुळातच ‘बीएयू’मध्ये असतील तर दोघं सारखेच! डिसेंबर 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण नमुना ठरवला, त्यानंतर हे सामाईक एकक आलं. त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची फूटपट्टी होती. डायासोरिनच्या ट्रायमेरिक टेस्टमध्ये 13 एयू म्हणजे 33.8 बीएयू, तर अ‍ॅबटमध्ये 50 एयू म्हणजे 7.1 बीएयू. दोन्ही ठिकाणी ‘एयू’च लिहिलेलं, पण एकाचा एयू दुसऱ्याच्या अठरापट मोठा. आणि बीएयूत बदलूनही दोन कंपन्यांचे आकडे तंतोतंत जुळतातच असं नाही, त्यामुळे 177 आणि 180 यांत जिंकलं कोण हे विचारू नका. ‘सीओआय’वाला आकडा तर तुलनेत घ्यायचाच नाही, ते मर्यादेशी असलेलं गुणोत्तर आहे, प्रमाण नव्हे.

आकडा मोठा म्हणजे माणूस सुरक्षित, हेही धरून चालू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 24 एप्रिल 2020 लाच ‘इम्युनिटी पासपोर्ट’च्या, म्हणजे प्रतिपिंडं असलेल्याला मोकळं फिरायचा परवाना द्यायच्या, कल्पनेविरुद्ध इशारा दिला होता, आणि एफडीएने 19 मे 2021 ला, लशीनंतर आपलं संरक्षण मोजायला ही टेस्ट करू नका, असं सांगितलं. नेहमीची टेस्ट प्रथिनाला चिकटणारी सगळी प्रतिपिंडं मोजते. त्यातली विषाणूला खरोखर रोखणारी किती, ते नाही. संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी ती मोजत नाही. आणि टेस्टमधलं स्पाइक मूळ विषाणूचं असेल तर ओमिक्रॉनविरुद्ध तोच आकडा किती कामाचा, हे त्यातून कळत नाही.

टेस्ट निरुपयोगी नव्हती. लोकसंख्येत संसर्ग किती पसरला हे मोजायला, किंवा मुलांमध्ये कोव्हिडनंतर काही आठवड्यांनी येणाऱ्या एमआयएस-सी या दाहक आजाराचं निदान करताना, तिच्याशिवाय अडतं. घरगुती वापरात तिला भलताच प्रश्न विचारला गेला.

पुढे कधी अशी टेस्ट करायची वेळ आली तर रक्त देण्याआधी लॅबला तीन गोष्टी सांगा: लक्षणं किंवा लस कोणत्या तारखेला, कोणती लस, आणि केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या गोळ्या चालू आहेत का. काही यंत्रांची पद्धतच बायोटिनवर चालते, रक्तात ते जास्त असेल तर निकाल खोटा कमी येऊ शकतो. रोशसारख्या किटच्या माहितीपत्रकात दिवसाला 5 मिलिग्रॅमहून जास्त डोस असेल तर शेवटच्या गोळीनंतर किमान 8 तास थांबायला सांगितलेलं असतं. आणि ताईच्या रिपोर्टवर एककच छापलेलं नसेल, तर लॅबला फोन करून विचारा. नमुना क्रमांकावरून ते सांगू शकतात.