भिंतीवरचा स्प्रे पेंट काढताय? आधी भिंत ओळखा

रिमूव्हर (रंग काढणारं रसायन) विकत घेण्याआधी भिंत कशाची आहे ते बघा. रंगवलेली असेल तर रिमूव्हरच्या भानगडीत पडू नका. तो खालचा रंगही सोलून काढतो. डाग अडवणारा प्रायमर मारा आणि वरून रंग द्या. साधा रंग थेट फासलात तर लाल-काळ्या रेघा पुन्हा वर येतात.

उघडी वीट किंवा दगड असेल तर जेल रिमूव्हर घ्या, पातळ थिनर नको. थिनर रंग विरघळवून छिद्रांत आत ढकलतो, मग रंगाची फिकट सावली कायमची. कोपऱ्यात हातभर जागेवर आधी चाचणी करा. खालची भिंत पाण्याने भिजवून ठेवा, म्हणजे ओघळ शोषले जाणार नाहीत. जेल डब्यावर लिहिलं असेल तेवढाच वेळ ठेवा, पण वाळू देऊ नका. नायलॉन ब्रशने घासून धुवा. एका फेरीत सगळं निघत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

नवख्यांच्या हमखास चुका:
- तारेचा ब्रश: लोखंडाचे कण अडकतात, पुढे गंजाचे डाग.
- प्रेशर वॉशर अगदी जवळून: विटेची कातडीच उडते.
- संगमरवर, चुनखडीवर आम्ल: दगडच खातं.

हातमोजे आणि सुरक्षा चष्मा हवेतच. लेझर, सँडब्लास्टिंगचं (वाळूचा जोरदार मारा) सध्या राहू द्या.