सीसीएल झाली, आता मेंटॉर कुठे शोधायचा?

तुझा प्रश्न असा: घर इंदिरानगरला, शिक्षण एचपीटी कॉलेजात, मराठीची सीसीएल (ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी, पॉइंट देणारी भाषेची चाचणी) पास, मेलबर्नच्या व्हिसाची वाट बघते आहेस. तिथे दुभाषी म्हणून काम मिळेल का, आणि नव्या माणसाला हाताशी धरून शिकवणारं कुणी असतं का? तू ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. मीही नाशिकचीच, पंचवटीतली. इथे ऑस्ट्रेलियात दुभाष्याचं काम करायला लागून नऊ वर्षं झाली.

आधी एक गैरसमज दूर करते. सीसीएल ही दुभाष्याची पात्रता नव्हे. सुमारे ३०० शब्दांचे दोन संवाद, ९० पैकी ६३ गुण, प्रत्येक संवादात किमान २९, आणि त्याचे पीआरसाठी ५ पॉइंट. एवढंच तिचं काम. व्यवसायासाठी नाटीचं, म्हणजे अनुवादक-दुभाष्यांना प्रमाणित करणाऱ्या इथल्या संस्थेचं, वेगळं प्रमाणपत्र लागतं. बहुतेक जण ‘सर्टिफाइड प्रोव्हिजनल इंटरप्रीटर’ या प्रमाणपत्रापासून सुरुवात करतात. त्याआधी रीतसर प्रशिक्षण आणि व्यावसायिक नीतीची चाचणी असते, आणि पुढे दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण. मराठीसोबत हिंदीचंही प्रमाणपत्र मिळवता आलं तर बघ. मला मराठीची कामं महिन्यात मोजकीच येतात, घर हिंदीवर चालतं. काम कंत्राटी असतं, त्यामुळे पहिलं वर्षभर दुसरी नोकरी सोडू नकोस.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

माझी आजी सटाण्याकडची, अहिराणी बोलायची. तिला सिव्हिलला न्यायचे तेव्हा डॉक्टरांशी मीच बोलायचे. ती पाच मिनिटं सांगायची, मी दोन वाक्यांत उरकायचे. डॉक्टर काही कठीण बोलले की मी ते मऊ करून तिच्यापर्यंत पोचवायचे. दोन भाषांच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ही सवय असते, आणि आपण तिला माया समजतो. व्यवसायात हीच सवय घातक ठरते. पुस्तक वाचून ती मोडत नाही, कारण चालू संभाषणात आपण काय गाळलं ते आपल्याला कळतच नाही. ते विचारणारं माणूस लागतं.

माझी मेंटॉर व्हिएतनामी भाषेची दुभाषी होती. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. सुरुवातीला मला वाटलं, ही मला काय शिकवणार? पण भाषा येत नसल्यामुळेच ती शब्दांत अडकली नाही. तिचा प्रश्न नेहमी एकच असायचा: ‘तू तसं का केलंस?’

एक प्रसंग सांगते, तपशील बदलून. डॉक्टर खोलीत यायच्या आधी रुग्ण बाईंचा मुलगा मला म्हणाला, “आईला कॅन्सर हा शब्द सांगू नका हं, तिला झेपणार नाही.” आपल्याकडे हे किती घरांत घडतं, तुला माहीत आहे. मी मान डोलावली आणि आत गेले. डॉक्टरांनी शब्द उच्चारला आणि मी अडखळले. नंतर मेंटॉरने माझ्याकडून तो प्रसंग पुन्हा पुन्हा वदवून घेतला. मान डोलावली तिथेच मी एक बाजू घेतली होती. मुलाला मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, “खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मला सांगावंच लागेल. तुमची इच्छा तुम्ही डॉक्टरांना सांगा, मी ती त्यांच्यापर्यंत पोचवते.” आईला काय आणि कसं सांगायचं, हा त्यानंतर डॉक्टरांचा आणि कुटुंबाचा विषय. हे वाक्य आता माझ्या तोंडात बसलं आहे. एकटीने मी ते कधी शोधलं असतं कोण जाणे. मेंटॉरशी बोलतानाही रुग्णाचं नाव, रुग्णालय, तारीख काही सांगायचं नाही. फक्त पेच सांगायचा.

दुसरी गोष्ट मनाची. दुभाषी म्हणून बोलताना आपण ‘ती म्हणते’ असं म्हणत नाही, थेट ‘मी’ म्हणतो. बाळ गेलेल्या आईचं ‘मी’ पहिल्यांदा माझ्या तोंडून गेलं, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या एजन्सीने पाठवलं होतं, तिथून साधा फोनही आला नाही. मेंटॉरने मात्र तासभर ऐकून घेतलं. याच एका तासासाठी मी तुला म्हणते, मेंटॉर आधी शोध, कामं नंतर.

शोधायचा कुठे? ऑसिट ही इथली अनुवादक-दुभाष्यांची संघटना, १९८७ पासूनची. तिचा मेंटॉरिंग कार्यक्रम आहे, विद्यार्थ्यांसाठी सदस्यत्वही आहे. नव्या मेंटीची (मेंटॉरकडे शिकणाऱ्याची) नोंदणी कधी असते ते नाशिकमधूनच विचारून ठेव. पहिल्याच भेटीत ठरवून घे: किती वेळा भेटायचं, किती महिने, आणि तुला नेमकं काय सुधारायचं आहे. ‘मला मार्गदर्शन करा’ एवढंच म्हणालीस तर गप्पा होतील, शिकणं होणार नाही. ‘आकडे आणि औषधांची नावं लिहून घेताना माझा धागा तुटतो’ असं म्हण, म्हणजे मेंटॉर त्याच्यावर सराव देईल. मराठी तपासायला मात्र वेगळा माणूस लागेल. त्यासाठी मी आहे.

आणि व्हिसा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. आकाशवाणीच्या बातम्या लाव, दोन-तीन वाक्यांनी थांबव आणि मोठ्याने इंग्रजीत सांग. मग घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बस आणि त्यांचे दुखण्याचे शब्द वहीत उतरव. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, मुरडा वेगळा. डॉक्टरला हा फरक कळायला हवा. ‘पित्त झालं’ असं आजी म्हणते तेव्हा जळजळ, मळमळ की डोकेदुखी, काय म्हणायचं असतं ते तिलाच विचार. इथे तू अंदाजाने अर्थ लावायचा नाहीस. डॉक्टरांना सांगायचं की दुभाष्याला हा शब्द रुग्णाकडून स्पष्ट करून घ्यायचा आहे, आणि मगच विचारायचं. त्या वहीची पहिली वीस पानं भरली की मला फोटो पाठव.