गौरी आत कोण आणणार?

ती बौद्ध, सासर हिंदू. लग्न नोंदणी पद्धतीनं. पहिल्या वर्षी वाद नको म्हणून तिनं गौरी आत आणल्या, पूजाही केली. दुसऱ्या वर्षी भाद्रपद जवळ आला तशी तिची झोप उडाली. "नाही म्हटलं तर सासूबाई दुखावतील, हो म्हटलं तर मी स्वतःला काय सांगू?"

पहिल्या वर्षी गप्प राहून केलेली तडजोड अशीच अंगाशी येते. नंतरचा नकार सासूला हट्ट वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा देताना बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी तिसरी गौरी-गणपतीची उपासना न करण्याची आहे, हे सासूबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. "बुद्ध म्हणजे आमचा नववा अवतारच की," असं त्या मायेनं म्हणत आणि सून आणखी मिटून जाई. पाचवी प्रतिज्ञा नेमकी हीच समजूत नाकारते.

आईशी बोलायचं काम मुलाचं. सणाच्या दीड महिना आधी, घरात पाहुणे नसताना. "तिला आवडत नाही" असं नाही, "आमचं दोघांचं ठरलंय" असं. त्याआधी दोघांनी कामं वेगळी केली. आवाहन, पूजा, आरती, नैवेद्य दाखवणं ही उपासना. ती करणार नाही. पुरण वाटणं, भाज्या निवडणं, पंगतीला वाढणं हे घरचं काम, ती करणार. हळदीकुंकवावर मात्र आठवडाभर अडलं. शेवटी ठरलं, कुंकू जाऊबाई लावतील, गौरीही त्याच आत आणतील. आत्याबाईंनी टोमणा मारलाच, तर उत्तर नवऱ्यानं द्यायचं.

सासरनंही काही द्यायला हवं. बाहेरच्या खोलीत बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो लागले. वैशाख पौर्णिमेला खीर आणि वंदना. सासू-सासऱ्यांनी नुसतं बसावं, म्हणायची सक्ती नाही. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, घरात कसलाही समारंभ ठेवायचा नाही.

अशा घरांत मी एक प्रश्न मुद्दाम विचारते : सुनेच्या हातचं पुरण नैवेद्याला चालतं का? चालत नसेल तर तो प्रश्न श्रद्धेचा नाही, जातीचा आहे, आणि तिथं सुनेला जुळवून घ्यायला सांगणं हा अन्याय आहे. इथं चाललं, म्हणून बाकीचं बोलता आलं.

आता तिला पाचवा महिना आहे. बारसं की बौद्ध पद्धतीचा नामकरणविधी, हे सातव्या महिन्याच्या आत ठरवायला सांगितलंय. बाळंतिणीच्या खोलीत हा वाद नको.