डायटॉनिक म्हणजे शुद्ध स्वरांचं सप्तक का?

प्रश्न असा आहे: युरोपीय संगीतावरचा मजकूर मराठीत आणताना 'डायटॉनिक स्केल'ला 'शुद्ध स्वरसप्तक' म्हणावं का? पुढे 'जस्ट इन्टोनेशन' (स्वर साध्या प्रमाणांत जुळवणं) आलं की तिथेही 'शुद्ध'च सुचतं. मग फरक कसा दाखवायचा?

माझ्या मते पहिल्या ठिकाणी 'शुद्ध' साफ चूक आहे आणि दुसऱ्या ठिकाणी घोटाळा करणारा.

पेटी पुढे ओढा आणि काळ्या पट्ट्यांना हात लावू नका. पांढरी एकला सा धरलात तर बिलावल थाट, म्हणजे सगळे स्वर शुद्ध असलेलं सप्तक मिळेल. सा पांढरी दोनला नेलात तर काफी, तीनला भैरवी, चारला कल्याण, पाचला खमाज, सहाला आसावरी. (सातला शुद्ध पंचमच हाती लागत नाही, म्हणून आपल्याकडे तिथला थाट नाही.) ही सगळी सप्तकं डायटॉनिक. पाच अंतरं मोठी, दोन लहान आणि ती दोन एकमेकांपासून शक्य तितकी लांब, एवढीच अट. भैरवीत तर रे, ग, ध, नि चारही कोमल. तिला 'शुद्ध स्वरसप्तक' कोणत्या तोंडाने म्हणायचं? भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र या अटीत बसत नाहीत.

शिवाय 'शुद्ध' म्हणजे बिलावल हे काही अनादि नाही. हिंदुस्थानी संगीतात ते पक्कं झालं ते भातखंड्यांच्या थाटपद्धतीमुळे. १३व्या शतकातल्या 'संगीतरत्नाकरा'तले शुद्ध स्वर ४-३-२-४-४-३-२ या श्रुतिवाटणीने (श्रुती म्हणजे सप्तकाच्या २२ सूक्ष्म भागांपैकी एक) लावले, तर आजच्या काफीच्या जवळचं सप्तक निघतं. कर्नाटक संगीतातला 'शुद्ध ऋषभ' म्हणजे तर आपला कोमल रे.

आता जुळवणीकडे. लहानमोठी अंतरं कोणत्या क्रमाने येतात ते 'डायटॉनिक'मधून कळतं. प्रत्येक अंतर नेमकं केवढं, हे कळत नाही. सा २४० हर्ट्झ धरा. षड्ज-पंचम भावाने, म्हणजे ३:२ या प्रमाणाने, चार वेळा चढून मूळ सप्तकात परतलात, तर गांधार ३०३.७५ वर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार याच सप्तकात आणला तर बरोबर ३००. बारा समान भाग केलेल्या पियानोवर तो सुमारे ३०२.४. तिन्ही गांधार आपल्या भाषेत 'शुद्ध'च, कारण त्यांतला एकही कोमल नाही. 'जस्ट' मात्र ३००चाच, सा शी ५:४ या साध्या प्रमाणात असलेला. गवयाला विचाराल तर तो बाकीच्या दोघांना 'चढा' म्हणेल, आणि वाद मिटेल.

सप्तकाचे बाराच भाग करावेत असंही नाही. १९ भाग केले तर मोठं अंतर तीन भागांचं आणि लहान दोनचं. ३१ केले तर पाच आणि तीन; १७व्या शतकात डच शास्त्रज्ञ हायगेन्सने हीच विभागणी गणिताने मांडली. सप्तक दोन्हीकडे डायटॉनिकच राहतं.

तेव्हा 'डायटॉनिक' तसाच ठेवा. हवं तर पहिल्यांदा येईल तिथे 'पाच मोठ्या व दोन लहान अंतरांचं सप्तक' असा खुलासा जोडा. 'ट्यूनिंग सिस्टिम'ला 'स्वरजुळवणीची पद्धत' म्हणा. 'इक्वल टेंपरामेंट'ला 'समविभागी जुळवणी' चालेल, आणि 'जस्ट'ला 'साध्या प्रमाणांची जुळवणी'. शब्द लांबतो खरा, पण 'शुद्ध' आपल्या वाचकाच्या कानात कोमलच्या विरुद्ध म्हणूनच वाजणार.