वाचक विचारतात : स्टोनहेंजच्या शिळा उभ्या कशा केल्या?

प्रश्न : इंग्लंडमधलं स्टोनहेंज, म्हणजे प्रचंड शिळांचं प्राचीन वर्तुळ, पाहायला जाणार आहोत. लोखंड नाही, कप्पी नाही, मग 20-25 टनांच्या शिळा उभ्या कशा केल्या? वरच्या आडव्या शिळा घसरत कशा नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ओढून आणण्याचंच कौतुक फार होतं. पण 1990च्या दशकातल्या एका प्रयोगात 40 टनांचा काँक्रीटचा ठोकळा चरबी लावलेल्या लाकडी रुळांवरून सुमारे 130 माणसांनी ओढून दाखवला. खरी परीक्षा पुढे, शिळा घडवण्यात आणि रोवण्यात.

खड्डा हरणाच्या शिंगांनी चुनखडीच्या मऊ खडकात खणत. त्याची एक बाजू उतरती आणि समोरची सरळ. सरळ बाजूला लाकडी खुंट लावत, म्हणजे शिळा आपटली तरी कड ढासळत नाही. उतारावरून बुंधा आत सरकवायचा, दोर आणि लाकडी कैची (A-आकाराची चौकट) लावून शिळा उभी करायची, मग दगड आणि चुनखडी ठासून भरायची. घडाईचे जुने हातोडे-दगडही याच भरावात सापडतात.

चूक महागात पडायची ती खोलीत. वर्तुळाच्या आत दोन उभ्या शिळांवर एक आडवी अशा जोड्या आहेत; त्यांतल्या सर्वांत उंच जोडीतली 56 क्रमांकाची शिळा सुमारे 2.4 मीटर गाडलेली आहे. तिची जोडीदार आखूड निघाली. माथे एका पातळीत हवेत म्हणून ती जेमतेम 1.2 मीटर पुरली, बुंध्याला फुगीर पाय ठेवला, तरी पडलीच. आज ती दोन तुकड्यांत आडवी आहे.

आडव्या शिळा नुसत्या ठेवलेल्या नाहीत. उभ्या शिळेच्या माथ्यावर गोल उंचवटा, आडवीच्या पोटाला तेवढाच खळगा : हा सरळसरळ सुतारी सांधा. तो उंचवटा राखायचा म्हणजे बाकीचा सगळा माथा दगडाने ठेचून खाली घ्यायचा, तोही अतिशय कठीण सार्सन दगडात! बाहेरच्या वर्तुळात तर शेजारच्या आडव्या शिळाही खाच आणि जिभेने एकमेकींत अडकवल्या आहेत. 56 क्रमांकाच्या माथ्यावर आता काही नाही, त्यामुळे उंचवटा खालूनही स्पष्ट दिसतो.

प्रश्न : सगळे दगड वेल्समधून आणले, हे खरं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांतून आले ते लहान, निळसर दगड. मोठे सार्सन बहुतेक 25 किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधले. मधली सहा टनांची ‘वेदीशिळा’ मात्र थेट ईशान्य स्कॉटलंडची, हे 2024 मध्ये उघड झालं.