फोन काढून घेऊ का?

‘मोबाइलचं व्यसन लागलंय, काढून घेऊ का?’ बहुतेक पालक हाच प्रश्न घेऊन येतात. पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या आईनं तर तो आधीच काढून घेतला होता. घरात रणकंदन झालं, पोरगी जेवेना, शेवटी फोन परत द्यावा लागला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

असं निदान आल्या आल्या करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, स्मार्टफोनचा नाही. गेमिंगचा विकार म्हणायलाही ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. म्हणून ‘दिवसाला किती तास?’ यात मी फार वेळ घालवत नाही. फोनमुळे काय बंद पडलं, ते विचारते.

इथे झोप बंद पडली होती. वयात येताना शरीराचं घड्याळ तसंही पुढे सरकतं, झोप उशिरा येते. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. हिला जेमतेम पाच मिळत होती. चिडचिड, वर्गात डुलक्या, घसरलेले गुण, यातलं बरंचसं तिथूनच आलेलं.

आईला बाहेर बसवलं. ‘काय बघतेस रात्री?’ याला ‘काही नाही, असंच’ हे ठरलेलं उत्तर आलं. मग म्हटलं, बारा ते दोन काय काय होतं ते क्रमानं सांग. तेव्हा तिनं मैत्रिणींचा ग्रुप उघडून दाखवला.

“जी आधी झोपते ना, तिच्यावर सुरू होतात.”

एकीच्या फोटोचा स्टिकर केला होता. दोनशेवर मेसेज, आणि त्यात हसण्याच्या इमोजी हिच्याही होत्या. मधूनमधून रील्स चालायच्या, पण मुख्य काम पहाऱ्याचं. आईला वाटत होतं पोरीला फोन सोडवत नाही. पोरीचे डोळे तर मिटत होते.

ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २०१९ मध्ये मोठी आकडेवारी तपासून सांगितलं होतं, की किशोरांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी डिजिटल वापराशी जोडता येतो तो जास्तीत जास्त ०.४ टक्के. पण ती सरासरी झाली. समोर बसलेलं मूल सरासरी नसतं.

ठरलं ते असं: रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. ‘गजर लावायला लागतो’ या सबबीवर साधं गजराचं घड्याळ. वडिलांचं ‘ऑफिसचे मेसेज येतात’ सुरू झालं, त्यांची समजूत घालायला पोरीपेक्षा जास्त वेळ गेला. आणि ग्रुपवर काय सांगायचं? ते तिनंच सुचवलं: ‘आई फोन काढून घेते, जाम स्ट्रिक्ट आहे.’

“म्हणजे मी व्हिलन?” आई म्हणाली.

म्हटलं, व्हा काही महिने. मैत्रिणींसमोर पोरीची लाज राखली जाते, तुमचं काही बिघडत नाही.

सुरुवातीला ती रात्री उठून फोनपाशी जायची. आई न ओरडता परत झोपायला पाठवायची, हे त्या माउलीचं खरं कौतुक. झोप लागली तशी चिडचिड कमी झाली. गुण लगेच वाढले नाहीत, आणि वाढतील असं मी सांगितलंही नव्हतं.

प्रत्येक घरात एवढ्यावर भागत नाही. मूल शाळा टाळू लागलं, खाणं सुटलं, स्वतःला इजा करू लागलं किंवा ‘जगून काय करू’ म्हणालं, तर फोनचा वाद बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला गाठावं.

एका रात्री ग्रुपवर तिच्यावरही सुरू झालंच. सकाळी वाचून ती रडली, पण फोन घेऊन थेट आईकडे गेली. ग्रुप अजून सोडलेला नाही. त्या स्टिकरवाल्या मुलीशी मात्र आता बोलते, आणि सध्या आमच्या भेटीत विषय असतो तो तिची माफी कशी मागायची हा.